बंद पडलेली शीत-प्रक्रियेची इमारत घेताना, आणि चालू असलेली विकताना

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. मासे आणि मांस प्रक्रियेची एक इमारत विकायला आहे. आत उणे 20 अंशांच्या दोन साठवणखोल्या, एक ब्लास्ट फ्रीजर (जोराच्या थंड हवेने माल झटपट गोठवणारा) आणि 10-12 अंशांचा कापणी-पॅकिंगचा हॉल. सगळं बंद होऊन सव्वादोन वर्षं झाली. मालक म्हणतो, मशिनरी चालू स्थितीत आहे, बटण दाबायचाच अवकाश. किंमत नव्या बांधकामाच्या निम्म्याहून कमी. घ्यावी का? शिवाय हा सौदा जमला तर तुमची सध्याची लहान इमारत विकायची आहे, ती वीजबिल वाचवायला आत्ताच बंद करून ठेवावी का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात उशीर परवडणार नाही: बंद करू नका. का, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच येईल, कारण दोन्हीचं मूळ एक आहे. उणे तापमानाची इमारत बंद केली की ती तशीच थांबून राहत नाही. तिच्यात वर्षानुवर्षं गोठून बसलेलं पाणी सुटतं आणि भिंती, जमीन, पाइप यांचं काम बिघडवायला लागतं. तुम्ही बघायला जाल तेव्हा समोर असेल ती वितळलेली इमारत. मालकाच्या डोळ्यांसमोर मात्र अजून थंड असतानाची आहे. तो खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. बहुतेक मालकांना मनापासून तसंच वाटत असतं.

मी चोवीस वर्षं शीतकरणाची उभारणी आणि दुरुस्ती केली. गेली काही वर्षं मुख्यतः घेणाऱ्यांच्या वतीने अशा इमारती तपासतो. तुमच्या इमारतीबद्दल नक्की आकडा मी इथे बसून देऊ शकत नाही. तुमचा माल कोणता, दिवसाला किती, बाहेरची हवा किती दमट, जमिनीत पाणी किती वर आहे, तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो, या सगळ्यावर ते ठरतं. पण कुठे बघायचं आणि का, हे नक्की सांगता येईल.

भिंतींपासून सुरुवात करू. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात पफ पॅनल आहेत, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले, वरून पांढरे आणि स्वच्छ. पॅनलची किंमत त्या पत्र्यात नसते, आतल्या फोममध्ये असते. चांगल्या कोरड्या पॉलियुरेथेन फोमची उष्णता वाहण्याची क्षमता साधारण 0.022 ते 0.025 वॅट प्रति मीटर-केल्विन. पाण्याची 0.6, आणि बर्फाची 2.2 च्या आसपास. म्हणजे फोमच्या जागी बर्फ बसला की तिथे उष्णता जवळजवळ शंभरपट सहज आत येते. आणि पाणी येतंच, कारण हवेतली वाफ कायम उबेकडून थंडीकडे जाते. पॅनलच्या सांध्यातला सील बाहेरच्या, म्हणजे उबेच्या बाजूने तुटला की वाफ आत शिरते, गोठते आणि तिथेच राहते. खोली थंड आहे तोवर हे बाहेरून दिसत नाही. फक्त कॉम्प्रेसर दरवर्षी थोडा जास्त वेळ चालतो आणि मालक म्हणतो, मशीन जुनं झालं.

बंद पडलेल्या इमारतीत हा बर्फ वितळून खाली येतो, आणि हीच तुमच्या फायद्याची गोष्ट आहे, कारण तो खुणा सोडतो. टॉर्च घेऊन भिंतीच्या तळाशी, पॅनल ज्या चॅनलमध्ये बसवलेलं असतं तिथे वाका. गंजाचे ओघळ, फुगलेला पत्रा, रिव्हेटभोवती तपकिरी वलयं दिसली तर वरचा फोम भिजलेला होता असं समजा. मग मुठीने पॅनलवर वरून खाली हलकं ठोकत जा. फोमला चिकटलेला पत्रा भरीव, मऊ आवाज देतो. सुटलेला पत्रा डब्यासारखा वाजतो. असे डाग खडूने आखून ठेवा.

शंका असेल तिथे मी मालकाची लेखी परवानगी घेऊन 50 मिलिमीटरच्या होल-सॉने आतल्या बाजूने एक गोल तुकडा काढतो. काम झालं की भोक फोमने भरून, सीलंट लावून, वर पत्र्याचा तुकडा बसवून बंद करतो. कोरडा तुकडा हातात कापसासारखा हलका लागतो, फिकट पिवळसर असतो, नखाने दाबला तर कुरकुरतो. गेल्या वर्षी एका ठिकाणी तळाच्या पॅनलमधून काढलेला तुकडा मुठीत दाबला तर बोटांच्या फटींतून पाणी मनगटापर्यंत आलं. त्याच भिंतीत वर दोन मीटरवर काढलेला तुकडा अगदी कोरडा होता. म्हणून एक तुकडा काढून थांबू नका. तळाशी, छताजवळ, दाराशेजारी आणि उन्हाच्या बाजूला, असे निदान चार-पाच काढा. छताचे पॅनल भिजले असतील तर तो प्रश्न नुसत्या विजेचा राहत नाही. टांगलेल्या छतावर ते वजन येतं, आणि त्यावरून माणसं थंड हवा देणाऱ्या कॉइलच्या दुरुस्तीला चालतात.

थर्मल कॅमेऱ्याबद्दल तुम्ही विचारलंय. उत्तम साधन आहे, पण त्याला आत-बाहेर तापमानाचा फरक लागतो. बंद, बाहेरइतक्याच उबदार इमारतीत त्याचं चित्र काहीच सांगणार नाही. तपासणीवाला बंद इमारतीचे रंगीत फोटो देऊन सगळं ठीक म्हणत असेल तर तो अहवाल बाजूला ठेवा.

पॅनलचा फोम नेमका कोणता, हेही लिहून घ्या. जुन्या इमारतींत थर्माकोलचे, म्हणजे पॉलिस्टायरीनचे पॅनल सापडतात. आगीत तो फोम वितळून पत्र्यामागे पोकळी होते आणि आग आतल्या आत पसरते. त्यामुळे पुष्कळ विमा कंपन्या अशा अन्नप्रक्रियेच्या इमारतींचा विमा उतरवताना कुरकुरतात. सौद्याआधी विमेवाल्याला एक फोन करा. विमा नसेल तर बँक कर्ज देणार नाही आणि पुढचं सगळं बोलणं वाया जाईल.

आता जमीन. मला एकच गोष्ट तपासायची मुभा दिली तर मी जमीन तपासेन, कारण पॅनल बदलता येतात, मशीन बदलता येतं, पण उणे तापमानाच्या खोलीची जमीन बदलायची म्हणजे खोलीच नव्याने करायची.

उणे 20 च्या खोलीखाली नुसतं इन्सुलेशन घालून भागत नाही. थंडी हळूहळू का होईना खाली उतरतेच. वर्षानुवर्षांत खालची माती गोठणबिंदूच्या खाली गेली की तिच्यातलं पाणी गोठतं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, पण जमीन उचलली जाते ती तेवढ्याने नाही. गोठलेला थर खालच्या ओल्या मातीतून आणखी पाणी वर ओढत राहतो आणि बर्फाचे थरावर थर साठतात. काँक्रीट मधोमध वर येतं. कडांना बाहेरची ऊब मिळत असते म्हणून त्या तशाच राहतात. हे होऊ नये म्हणून जमिनीखाली हीटिंग असतं: ग्लायकोलच्या नळ्या, विजेच्या केबल, नाहीतर हवा खेळवणारे पाइप.

यातली माझी स्वतःची चूक सांगतो, कारण तिची किंमत माझ्या ग्राहकाने मोजली. अशीच एक बंद इमारत होती. भिंती तपासल्या, मशीन चालवून पाहिलं, अहवाल दिला. जमिनीखालच्या हीटिंगच्या विजेच्या पॅनलवर हिरवा दिवा लागलेला होता. दिवा पाहिला आणि पुढे गेलो. क्लॅम्प मीटर लावून करंट मोजला नाही. चार सर्किटांपैकी तीन तुटलेली होती आणि दिवा फक्त पॅनलला वीज येते एवढंच सांगत होता. इमारत चालू झाल्यावर तिसऱ्या वर्षी फ्रीजरचं सरकतं दार घासायला लागलं, मग रॅकचे खांब तिरके दिसायला लागले. अर्धा माल बाहेर हलवून जमीन फोडावी लागली. तेव्हापासून प्रत्येक सर्किटचा करंट मी स्वतः मोजतो आणि आकडा लिहितो. ग्लायकोल असेल तर जाणाऱ्या आणि येणाऱ्या पाइपचं तापमान मोजतो. हवेचे पाइप असतील तर दोन्ही तोंडं बघतो. उंदरांची घरटी आणि साचलेलं पाणी दोन्ही सापडतात.

तुमच्या बाबतीत सव्वादोन वर्षं बंद असल्यामुळे उलटी बाजूही बघा. आधी जमीन उचलली गेली असेल तर आता खालचा बर्फ वितळलाय आणि काँक्रीटखाली पोकळी राहिली असेल. वरून सपाट दिसतं, कारण स्लॅब जागच्या जागी पुलासारखा अडकलेला असतो. लोखंडी साखळी जमिनीवरून ओढत चाला. भरीव जागी खरखर ऐकू येते, पोकळ जागी आवाज एकदम खोल होतो. मग लेझर लेव्हलने दर दोन मीटरवर उंची मोजून कागदावर जाळी काढा. मधला भाग कडांपेक्षा ठळकपणे उंच असेल, किंवा कडांना समांतर लांब भेगा असतील, तर मला बाकीची तपासणी करावीशीही वाटत नाही, निदान त्या किमतीत.

आणि बटण दाबायचाच अवकाश या वाक्याबद्दल. तसं बटण दाबू देऊ नका. काँक्रीटमध्ये सव्वादोन वर्षांत ओल मुरली आहे. खोली दोन दिवसांत उणे 20 ला नेली तर ती ओल आतच गोठून जमीन आणि सांधे फाडेल. आम्ही आधी शून्याच्या थोडं वर, 2-3 अंशांपर्यंत आणतो, तिथे काही दिवस धरतो म्हणजे कॉइलवर ओल जमून निघून जाते, आणि मग दिवसाला तीन-चार अंश असं खाली नेतो. भिंतीत प्रेशर रिलीफ पोर्ट, म्हणजे आत-बाहेरचा दाब सारखा ठेवणारं तोंड, असतं, ते मोकळं आहे का आधी पाहतो. 25 अंशांची हवा उणे 20 ला गेली की तिचं आकारमान सुमारे 15 टक्क्यांनी कमी होतं. पोर्ट रंगाने किंवा घाणीने बंद असेल आणि दारं घट्ट असतील तर बाहेरच्या हवेच्या दाबाने छताचे पॅनल आत वाकतात. अशा वाकलेल्या छताखाली मी उभा राहिलो आहे.

मशिनरीचं मी थोडक्यात सांगतो, कारण हा भाग चांगला मेकॅनिक तुम्हाला दाखवू शकेल. पहिला प्रश्न: गॅस, म्हणजे यंत्रणेत फिरून थंडी करणारा वायू, कोणता आणि आत्ता कुठे आहे? अमोनिया असेल आणि रिसीव्हरमध्ये (द्रव गॅसची टाकी) द्रव शिल्लक असेल तर गेजवरचा दाब भोवतालच्या तापमानाशी जुळला पाहिजे. 30 अंशांना तो साधारण 10.7 बार दिसतो. खूप कमी असेल तर द्रव राहिलेला नाही. गेज शून्यावर असेल तर आत हवा आणि ओल शिरली असणार, पाइप आतून गंजायला लागले असणार. गॅस काढून नायट्रोजनच्या थोड्या दाबाखाली यंत्रणा ठेवली असेल तर मात्र मालकाचा माणूस जाणकार होता, आणि मग मी त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही जास्त विश्वास ठेवतो.

तुमच्या ब्लास्ट फ्रीजरकडे इथे वेगळं लक्ष द्या. अमोनिया वातावरणाच्या दाबाला उणे 33 अंशांना उकळतो. ब्लास्ट फ्रीजरला उणे 40 चं बाष्पीभवन, म्हणजे कॉइलमध्ये गॅस उणे 40 ला उकळणं, लागलं तर त्या बाजूचा दाब सुमारे 0.72 बार, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा कमी. तिथे गळती असेल तर अमोनिया बाहेर येत नाही, हवा आणि ओल आत जाते. वास येत नाही म्हणून कुणाला कळत नाही. अशा यंत्रणेतला अमोनिया प्रयोगशाळेत पाण्यासाठी तपासून घ्या, आणि तेलाचा नमुनाही.

गॅस आर-22, म्हणजे ओझोनला घातक असा जुना गॅस, असेल तर सौद्याचं गणितच बदलतं. 1987 च्या माँट्रियल करारानुसार विकसित देशांत त्याचं नवं उत्पादन 2020 ला संपलं आणि विकसनशील देशांत 2030 ला संपायचं आहे. त्यानंतर दुरुस्तीपुरता थोडा काळ किरकोळ सूट आहे. आर-22 वर चालणारी मोठी यंत्रणा मी चालू मशीन म्हणून मोजत नाही, भंगाराच्या भावाने मोजतो. आर-404ए या दुसऱ्या गॅसचा ओझोनला धोका नाही, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ 3,900 पट आहे. 2016 च्या किगाली दुरुस्तीनंतर अशा गॅसचं उत्पादन आणि वापर टप्प्याटप्प्याने कमी होतोय, म्हणजे तो पुढे महाग होत जाणार हे धरून चला.

पाइपवरचं इन्सुलेशन जिथे फाटलंय तिथे आतला पाइप उघडून बघा. जो पाइप सतत उणे 30 ला असतो तो फारसा गंजत नाही, पाणी बर्फ होऊन बसलेलं असतं. खरा गंज डिफ्रॉस्टच्या, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणाऱ्या, गरम गॅसच्या पाइपांना लागतो, रोज गोठ-वितळ, गोठ-वितळ. आणि बंद इमारतीत सगळेच पाइप ओल्या गोधडीत गुंडाळून सव्वादोन वर्षं ठेवल्यासारखे झालेत. अल्ट्रासॉनिक मीटरने जाडी मोजायला एक दिवस लागतो. तो दिवस द्या. कॉम्प्रेसरचं शाफ्ट सील, मोटरच्या वाइंडिंगचा मेगर (इन्सुलेशनची चाचणी), प्रेशर व्हेसलची प्रमाणपत्रं हे मेकॅनिक करेलच.

इथे एक गोष्ट अशी आहे जी मेकॅनिक विचारणार नाही, ती तुम्ही विचारायची: ही यंत्रणा तुमच्या कामाला पुरेल का? जाहिरातीत 120 टनांचा प्लँट लिहिलंय असं तुम्ही म्हणता. हा टन वजनाचा नाही, थंडी करण्याच्या क्षमतेचा. एक टन म्हणजे 3.517 किलोवॅट, पण कुठल्या तापमानाला? तोच कॉम्प्रेसर उणे 5 ला जेवढं काम देतो त्याचा लहानसा अंशच उणे 40 ला देतो. टनाचा आकडा बाष्पीभवनाच्या तापमानाशिवाय वाचूच नका.

तुम्ही दिवसाला 10,000 किलो माल गोठवायचा म्हणताय. मालात 75 टक्के पाणी धरलं तर गोठवतानाच किलोमागे सुमारे 250 किलोज्यूल काढावे लागतात, कारण पाण्याची गोठण-उष्णता 334 किलोज्यूल आहे. 10 अंशांपासून गोठण्यापर्यंत आणि पुढे उणे 18 पर्यंतची उष्णता मिळवली तर किलोमागे साधारण 317. वीस तासांत काढायची तर 44 किलोवॅट, म्हणजे साडेबारा टन, आणि हे फक्त मालाचं. पंखे, दार उघडणं, ट्रॉल्या, डिफ्रॉस्ट, भिंतीतून येणारी उष्णता वेगळी. आणि हे काम ब्लास्ट फ्रीजरचं आहे. साठवणखोलीत उबदार माल ठेवून तो रात्रभरात गोठेल अशी आशा धरून घेतलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. त्या खोलीचं मशीन गोठलेला माल गोठलेला ठेवण्यापुरतं असतं. नव्या मालाची ऊब शेजारच्या जुन्या मालावर जाते आणि दोन्ही माल हातचे जातात.

प्रक्रियेची इमारत आणि नुसतं कोल्ड स्टोरेज यांत आणखी एक मोठा फरक आहे, तो स्वच्छतेचा. तुमच्या कापणी हॉलमध्ये रोज गरम पाण्याने धुणं होणार. जमिनीवर साधा इपॉक्सी असेल तर थंड जमिनीवर 80 अंशांचं पाणी पडून तो कपच्यांनी सुटतो. पॉलियुरेथेन-सिमेंटचा जाड थर हा धक्का सोसतो. बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे जातं बघा. नाल्याकडे न जाता मध्येच डबकं राहत असेल तर त्या डबक्यात पुढची कित्येक वर्षं तुमची डोकेदुखी आहे.

लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस हा जंतू शून्याच्या आसपासही वाढतो, इतर बहुतेक जंतूंसारखा फ्रिजमध्ये थांबत नाही. तो नाल्यात, भिजलेल्या फोममध्ये, दाराच्या चौकटीच्या फटीत ठाण मांडतो आणि जुना मालक गेला तरी राहतो. तुम्ही शिजवलेला किंवा थेट खायचा माल करणार असाल तर सौद्याआधी नाल्यांचे आणि फटींचे स्वॅब घ्या. नाला कोरडा पडला असेल तर आधी ओला करून, काही दिवसांनी पुन्हा घ्या. कोरड्या नाल्याचा निर्दोष अहवाल मला पुरेसा वाटत नाही. शिवाय कच्चा माल, शिजलेला माल आणि माणसं यांच्या वाटा नकाशावर पेन्सिलने काढा. रेषा एकमेकींना छेदत असतील तर भिंती हलवाव्या लागतील, आणि पॅनलची भिंत हलवली की सांधे नव्याने सील करणं आलं.

कागदपत्रांत एवढंच: बंद इमारतीचा मंजूर वीजभार, पाण्याचं कनेक्शन, सांडपाण्याची परवानगी, अमोनियाचा परवाना, अन्नपरवाना यांतलं काय अजून जिवंत आहे ते त्या त्या कार्यालयातून लेखी घ्या, मालकाकडून नाही. हे प्रत्येक देशात वेगळं असतं, पण अन्नपरवाना सहसा व्यवसायाला मिळतो, भिंतींना नाही. मासे-मांसाच्या सांडपाण्यात रक्त आणि चरबी असते, त्यामुळे शुद्धीकरण केंद्राची क्षमता हीच काही वेळा सगळ्या कारखान्याची मर्यादा ठरते.

आता किंमत. तुम्ही नव्या बांधकामापासून खाली उतरत निम्म्यावर आलात आणि स्वस्त वाटलं. मी खालून वर चढतो. आधी भूखंड आणि साधी, थंडी नसलेली इमारत म्हणून तिला काय येईल ते ठरवायचं. त्यात फक्त तेच थंडीचं सामान मिळवायचं जे तपासणीत उतरलं आणि तुमच्या कामाला लागतं. तुम्हाला नको असलेला प्लेट फ्रीजर कितीही चांगला असला तरी तुमच्या हिशेबात त्याची किंमत त्याच्या विक्रीच्या भावाएवढीच, उतरवण्याचा खर्च वजा जाता. मग पुन्हा चालू करण्याचा खर्च वजा करायचा, आणि जे काढून टाकावं लागेल त्याची विल्हेवाटही. अमोनिया, जुनं तेल आणि जुने फोम पॅनल फुकट जात नाहीत. जुन्या फोममध्ये ओझोनला घातक वायू भरलेले असू शकतात आणि पुष्कळ ठिकाणी ते साध्या कचऱ्यात टाकता येत नाहीत. छतावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते वेगळं प्रकरण.

हा हिशेब केल्यावर कित्येकदा थंडीच्या सामानाची किंमत उणे निघते. मालकाला ते पटवणं अवघड जातं, म्हणून मी करारात एक अट घालायला सांगतो: किमतीचा ठरावीक भाग तिसऱ्याकडे अडकवून ठेवायचा, आणि खोल्या हळूहळू खाली नेऊन, डिफ्रॉस्ट चालू ठेवून, सलग 72 तास ठरलेलं तापमान धरल्यावरच तो मालकाला द्यायचा. चालू स्थितीत आहे असं ज्याला खरंच वाटतं तो ही अट मान्य करतो. त्या 72 तासांत थर्मल कॅमेराही आणा, आता तो बोलेल. छप्पर आणि बाहेरच्या भिंती पहाटे, ऊन लागायच्या आत बघा.

पॅनल उतरवून दुसरीकडे लावण्याबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. कॅम-लॉकच्या, म्हणजे खटक्यांनी जोडलेल्या पॅनलच्या, लहान खोल्या उतरवून नेता येतात, त्या तशाच बनवलेल्या असतात. सीलंट लावून जागेवर उभारलेले मोठे पॅनल उतरवताना जीभ-खाच तुटते आणि पत्रा फोमपासून सुटतो. उणे तापमानाला मी ते पुन्हा वापरत नाही. 10 अंशांच्या हॉलची आतली आडभिंत म्हणून चालतात.

शेवटी तुमची स्वतःची इमारत. माल निघून गेला तरी उणे तापमानाच्या खोल्या थोड्या वरच्या तापमानाला, उणे 10 च्या आसपास धरून ठेवा, म्हणजे बिल कमी होईल आणि काही वितळणार नाही. जमिनीखालचं हीटिंग कोणत्याही कारणाने बंद करू नका. खरेदीदार येईल तेव्हा मशीन चालताना दिसेल, लॉगबुकमधल्या नोंदी आजपर्यंतच्या असतील, कॅमेरा लावता येईल. नुसत्या या फरकाने बोलणी कुठून सुरू होतात ते बदलतं, आणि ते काही महिन्यांच्या वीजबिलापेक्षा सहसा पुष्कळ जास्त असतं. माझ्या एका ग्राहकाने हे ऐकलं, चालती खोली विकली. घेणाऱ्याने पॅनलचे दोन दोष स्वतः शोधले, तरी भाव फारसा पडला नाही, कारण बाकीचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर चालू होतं. तुम्हाला ठाऊक असलेले दोष तर आधीच लिहून द्या. घेणारा माझ्यासारखा कुणी आणेल तेव्हा ते सापडणारच आहेत.

विक्रीला वर्ष-दोन वर्षं लागणार आणि वीज परवडणारच नाही असं झालं, तर नीट बंद करा. दिवसाला दोन-तीन अंश असं हळूहळू वर आणा, वितळलेलं पाणी रोज काढा, दारं उघडी ठेवून पंखे आणि डिह्युमिडिफायर लावा, जमिनीखालचं हीटिंग त्यानंतरही काही महिने चालू ठेवा. गॅस परवानाधारकाकडून काढून नायट्रोजन भरून घ्या, दाराच्या रबरी पट्ट्यांना ताण राहणार नाही अशी दारं ठेवा. आणि बंद करायच्या आधीच्या आठवड्यात, खोल्या अजून थंड असताना, थर्मल कॅमेऱ्याची तपासणी आणि जमिनीच्या उंचीची जाळी तारखेसकट करून घ्या. नंतर कुणालाच, तुम्हालाही, ती माहिती परत मिळवता येणार नाही.

त्या दुसऱ्या इमारतीसाठी या आठवड्यात एवढंच करा: टॉर्च, खडू, लांब साखळी, लेझर लेव्हल आणि क्लॅम्प मीटर घेऊन जा, फक्त जमीन आणि भिंतींचा तळ बघा, आणि मालकाला शेवटच्या चालू वर्षाची वीजबिलं महिन्यागणिक मागा. बिलं आधीच्या वर्षांच्या तुलनेत तेवढ्याच मालाला चढत गेलेली दिसली तर भिंतीत पाणी कधीपासून आहे ते तुम्हाला तिथेच कळेल. उंचीची जाळी आणि बिलांचे आकडे इथे टाकलेत तर मी बघून सांगतो, पुढची तपासणी करण्यात पैसे घालावेत की नाही.